बंदर तीन हजार

घरात रेंज नाही, म्हणून सगळा कोड
सड्यावर जाऊन उतरवला.
कातळावर मांडी घालून, पडद्यावर ओढणीची सावली धरून,
मोबाइल गडग्याच्या सगळ्यात उंच चिऱ्यावर.
चारशे एमबी. दोन तास दहा मिनिटं.
मधे एक म्हशीवाला थांबला.
‘सरकारी मोजणी काय गो ही?’
म्हटलं, नाही, एक वही आणतेय,
लांबच्या माणसांनी मिळून लिहिलेली. फुकट.
‘फुकट?’ म्हणून तो बघत राहिला
आणि म्हशी पुढे गेल्या.

वही भरती-ओहोटीची. कुठल्या बंदरात
पाणी कधी चढणार, कधी सुकणार, एवढंच.
रीडमीत पहिलीच ओळ: पाच मिनिटांत सुरू होईल.

पहिला दिवस नोडच्या आवृत्तीत गेला.
माझी नवी, तिला जुनी हवी.
जुनी घातली तर तिसरंच कोणी रुसलं.
एक पॅकेज मागवलं तर आठशे आली,
एका वऱ्हाड्याला आवतण द्यावं
आणि टेम्पोतून अख्खी वाडी उतरावी, तशी.
कोण कोणाचा, विचारायची सोय नाही.

दुसऱ्या दिवशी डेटाबेस दार उघडेना.
पासवर्ड चुकीचा म्हणे. पण तो लिहिला होता कुठे?
टिंबानं सुरू होणाऱ्या फायली दिसत नाहीत
हे मला कोणी सांगितलं नव्हतं.
भांगाच्या ओहोटीत जे खडक उघडे पडत नाहीत
त्यांतली एक. होडी आपटल्यावर कळली.
मग लाइट गेली. आई म्हणाली, बांगडे गार होतायत.

तिसऱ्या दिवशी लाल अक्षरांत:
पोर्ट तीन हजार आधीच वापरात आहे.
पोर्ट म्हणजे बंदर. मला हसू आलं.
आमच्या जेटीवरही हेच,
कोणीतरी होडी बांधून जेवायला गेलेला असतो.
शोधून काढला. माझाच निघाला,
परवाचा अर्धवट प्रयत्न,
खिडकी मिटली तरी आत दोर धरून बसलेला.
सोडवला त्याला.

आणि पान उघडलं.
वर निळी पट्टी, पत्त्याच्या जागी लोकलहोस्ट,
जगात कोणालाच दिसणार नाही असं पान,
या घरातून निघून याच घरात येणारं.
यादीत तांबळडेग नव्हतं. मी घातलं.

पडवीत बुधाजी तांडेल जाळं शिवत होते.
म्हटलं, बघा, आजची भरती सव्वातीनला.
त्यांनी पडद्याकडे पाहिलंही नाही.
सुई दातांत धरली, पेरांवर अंगठा फिरवला.
‘आज पंचमी. पाचाची पाऊणपट पावणेचार.
अर्धो तास खंय गेलो तुझो?’

मी म्हटलं, कॉम्प्युटर चुकत नाही.
हे म्हणायला नको होतं.

पावणेचारला खाडीच्या तोंडाशी
पाणी थांबलं.
एक तुटकी चप्पल आत येईना, बाहेर जाईना.

रात्री सापडलं. एका फंक्शनात
वेळेचा फरक पूर्णांकात धरलेला:
पाच. आपले साडेपाच.
लिहिणाऱ्याच्या गावी
अर्ध्या तासाची गरज पडत नसावी.
तीन ओळी बदलल्या. चाचण्या हिरव्या झाल्या,
एक सोडून. ती आधीपासूनच लाल होती,
असं मी स्वतःला सांगितलं.

सकाळी पुन्हा सडा, पुन्हा तोच चिरा.
बदलाचं कारण लिहायच्या चौकटीत
पंचमीला इंग्रजीत काय म्हणावं कळेना,
म्हणून बुधाजींचं नाव लिहिलं आणि चपलेची वेळ.
रीडमीतली ‘पाच मिनिटं’ खोडावीशी वाटली.
खोडली नाही.
टिंबाच्या फायलीबद्दल मात्र एक ओळ घातली,
माझ्यामागून येणाऱ्यासाठी.

नऊ दिवस झाले. उत्तर नाही.
जेटीवर जाता-येता बुधाजी रोज विचारतात,
‘गावलो काय गो अर्धो तास?’